सरकारचा हंगाम, आमचा मुहूर्त

मुंबई इलाख्याचे जे इंग्रज गव्हर्नर होऊन गेले, त्यांच्या कारभाराविषयी इतिहासकारांचे मत काहीही असो. परंतु वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोठे असावे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोठे नसावे, या एका विषयात त्यांच्या तोडीचा जाणकार या भूमीवर पुन्हा झाला नाही, असे माझे नम्र मत आहे. थंडीचे दिवस मुंबईस मलबार पॉइंटावर समुद्राची झुळूक घेत काढावेत. पुढे ऊन जरा तिखट लागू लागताच दप्तरे, हुजरे, खानसामे आणि सेक्रेटरी यांच्यासह महाबळेश्वर गाठावे. आणि तेथील पाऊस कौलांवर ताशा बडवू लागण्यापूर्वी डोंगर उतरून पुण्यास गणेशखिंडीच्या बंगल्यात येऊन राहावे, जेथे पाऊस पडतो तो केवळ शिष्टाचार म्हणून, असा त्यांचा वार्षिक परिपाठ असे. तिकडे मध्यप्रांताचे साहेबलोक नागपूर तापले की पचमढीस जात आणि वऱ्हाडचे चिखलदऱ्यास. ज्यांच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नसे, ते हे लोक सूर्य डोक्यावर आला की मुक्काम हलवीत.

साहेब गेला, पण हवेची ही जाण मागे ठेवून गेला. आजही महाराष्ट्राच्या राज्यपालांस मुंबई, पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर अशी चार निवासस्थाने आहेत; म्हणजे ऋतू तीन आणि घरे चार, एक हाताशी शिल्लक. नागपूर करारावर १९५३ साली सह्या झाल्या आणि सरकारने वर्षातून काही काळ नागपुरास बसावे असे त्यात ठरले. ‘काही काळ’ म्हणजे नेमका कोणता, याचा अर्थ लावण्यासाठी सरकारला कोणत्याही वकिलाचा सल्ला घ्यावा लागला नसावा. अधिवेशन बहुधा डिसेंबरात भरते, जेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात, सकाळी अंगावर शाल लागते आणि विदर्भाच्या प्रश्नांवर भर दुपारी उन्हात उभे राहून बोलतादेखील येते. हा शिरस्ता मोडून २०१८ साली पावसाळी अधिवेशन नागपुरास भरविले, तेव्हा जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत शिरले आणि कामकाज तहकूब करावे लागले. साहेब असता तर म्हणाला असता की जुलैत पुण्यास बसावे, हे आम्ही तुम्हांला शंभर वर्षे करून दाखवीत होतो.

आम्हां सामान्य जनांची गोष्ट निराळी. हवा खायला जाणारा मनुष्य वेगळा आणि लग्नाचे जेवायला जाणारा वेगळा. आणि मराठी मनुष्याच्या आयुष्यातील प्रवासांचा हिशेब मांडला तर त्यात दुसऱ्या प्रकारचीच बेरीज मोठी निघेल. लग्नसराई वैशाखात येते, कारण रब्बीचे खळे उरकलेले असते, मृगाला अवकाश असतो, शाळांना सुटी असते आणि शेतात उन्हाखेरीज दुसरे काही उभे नसते. बदलीचे हुकूम मे महिन्यात सुटतात; त्यामुळे नव्या जागी रुजू होण्यासाठी सामानाची मालमोटार निघते ती पहिल्या पावसाचा मुहूर्त साधून, आणि गाद्या नव्या गावी पोचतात त्या दुप्पट वजनाच्या होऊन. कोर्टाच्या तारखा तर पंचांग आणि वेधशाळा या दोहोंच्या कक्षेबाहेरच्या. मी मुलकी खात्यात चौतीस वर्षे काढली, जवळजवळ सारा महाराष्ट्र पाहिला. परंतु एकही गाव त्याच्या हंगामात पाहिले नाही. मराठीत वर्षाचे ऋतू सहा, शेतकऱ्याचे हंगाम दोन आणि हॉटेलवाल्याचा ‘सीझन’ एक. या नऊही गोष्टींच्या फटीत जो काळ उरतो, त्यात माझा प्रवास होत आला आहे.

माझ्या थोरल्या पुतण्याचे लग्न अकोल्यास ठरले, तेव्हा आपले वऱ्हाड खऱ्याखुऱ्या वऱ्हाडात चालले आहे या कोटीवर आमच्या घरातील तीन पिढ्या आठ दिवस हसत होत्या. हे हसू भुसावळपर्यंत टिकले. भुसावळास गाडी सकाळी साडेदहाच्या सुमारास थांबली आणि खिडकीच्या गजावर सहज ठेवलेला हात मी असा काही मागे ओढला की समोरच्या बाकावरील गृहस्थांनी विंचू चावला काय, अशी चौकशी केली. पुढे मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी स्टेशने मागे पडत गेली, तसतशी कोटी करणारी मंडळी एकेक करून मुकी झाली. अकोल्याच्या फलाटावर व्याही स्वतः सामोरे आले होते. त्यांनी प्रत्येक वऱ्हाड्याच्या हाती गुलाबाच्या फुलाऐवजी एक पांढरा दुपट्टा आणि एक लहानसा कांदा ठेवला. कांदा खिशात ठेवायचा आणि दुपट्टा डोक्याला, कानांना आणि तोंडाला असा गुंडाळायचा की उघडे राहावेत ते फक्त डोळे. हा विधी फलाटावरच पार पडल्यावर आमचा प्रतिष्ठित वरपक्ष दरोड्यास निघालेल्या टोळीसारखा दिसू लागला आणि कोण कोणाचे हे ओळखू येईनासे झाले. नवरदेवाचे मामा तेवढे ओळखू आले, कारण ते तक्रार करीत होते.

मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा. मंडपाच्या एका टोकास लोखंडी पत्र्याचा, बैलगाडीएवढा एक कूलर गर्जना करीत होता आणि त्याच्या वाऱ्याचा जो एक अरुंद पट्टा मंडपातून जाई, त्या पट्ट्यात दोन्ही पक्षांची मिळून चारशे माणसे आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक बसली होती. मानपानाचा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. ज्याला कूलरसमोरची खुर्ची मिळाली त्याला मान मिळाला. मला घाम आला नाही याचे मला प्रथम नवल वाटले. नंतर कळले की तो येत होता, परंतु कोरड्या हवेत दिसण्याआधीच उडून जात होता. याच्या अगदी उलट अनुभव मी रत्नागिरीस घेतला आहे. तेथे मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीस अंशांच्या पलीकडे फारसा जात नाही आणि तेवढ्या आकड्यावर विसंबून देशावरचा मनुष्य आंबे खायला जातो नि फसतो. समुद्रावरची हवा आधीच पाण्याने इतकी भरलेली असते की ती तुमचा घाम स्वीकारीत नाही. अकोल्याचा घाम दिसत नाही आणि रत्नागिरीचा जात नाही. या दोहोंत निवड करावयाची झाल्यास मी फणसाकडे पाहून रत्नागिरीस मत देईन आणि दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप करीन.

त्या दिवशी अकोल्यास सव्वीसच्या सव्वीस पंगती उठल्यानंतर मी ओसरीवर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडलो होतो. तेव्हा नवऱ्या मुलीची आजी, वय ऐंशीच्या पुढे, पितळी पेल्यात पन्हे घेऊन आली. मी औपचारिकपणे म्हटले, “आजी, ऊन फार आहे हो तुमच्याकडे.” आजींच्या चेहऱ्यावर प्रथम आश्चर्य, नंतर करुणा आणि शेवटी किंचित अपमान असे भाव क्रमाने उमटून गेले. “हे काय ऊन व्हय, बाप्पा?” त्या म्हणाल्या. “ऊन पाह्याचं असन त नवतप्यात या लागते.” सूर्य पंचवीस मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात जातो, तेथपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा, तो जितका तापेल तितका पुढे पाऊस चांगला, अशी तिकडची जुनी समजूत. आजी त्याविषयी अशा भक्तिभावाने बोलत होत्या की आषाढीच्या वारीचे वर्णन ऐकत असल्याचा मला भास झाला. आम्ही आलो होतो ती मेची बारा तारीख. म्हणजे आजींच्या हिशेबी आम्ही यात्रा भरण्यापूर्वीच गावात येऊन, रिकामे पाळणे पाहून परत चाललो होतो.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या रात्री धाब्यावर पाण्याचा सडा घालून, वाळलेल्या मातीचा वास सुटल्यावर, वर अंथरुणे टाकली गेली. आडव्या ओळीत वीस-पंचवीस माणसे, उशाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, वर उघडे आकाश आणि पहाटे तीनच्या सुमारास कोठून तरी आलेला, जणू वाट चुकलेला असा एक गार वारा. इतकी गाढ झोप मला पुढे एकाही थंड हवेच्या ठिकाणी लागली नाही. डिसेंबरात संत्री खाऊन जाणाऱ्या सरकारला हे धाबे ठाऊक असण्याचा संभव नाही.

महाबळेश्वराची हकीकत याहून ओली आहे. एका इमारतीचे छप्पर गळते, अशी तक्रार एका जुलै महिन्यात आमच्याकडे दाखल झाली. बारनिशीत तिची नोंद श्रावणात झाली, दिवाळीस तिच्यावर पहिला शेरा पडला, होळीच्या सुमारास खर्चाबाबत हरकत निघाली, आणि “प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा” असा हुकूम माझ्या टेबलावर आला तो दुसऱ्या वर्षीच्या जुलैत. कार्यालयीन दृष्टीने पाहता यात विलंब काहीच नव्हता. उलट गळती पाहावयाची तर पावसाळ्यातच पाहिली पाहिजे, इतका तर्कशुद्ध हुकूम माझ्या नोकरीत दुसरा आला नाही.

वाईस मी उतरलो तेव्हा ऊन पडले होते. छत्री, रेनकोट आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट अशा थाटात मी एस. टी. स्टँडवर उभा राहिलो, तेव्हा दोन शाळकरी मुले माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून गेली. पसरणीचा घाट चढून पाचगणीस आलो तो भुरभुर सुरू होती. आणि तेथून पुढे काही मैलांवर गाडी एका पांढऱ्या भिंतीत शिरली, ती भिंत मी चार दिवसांनी परत येईपर्यंत संपली नाही. वाईस वर्षाकाठी तीसेक इंच पाऊस आणि वीस मैलांवरील महाबळेश्वरास दोनशे इंचांहून पुष्कळ अधिक! अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याशी अडतात, वर चढतात, चढता चढता थंड होतात आणि असेल नसेल तो सारा वसूल महाबळेश्वरच्या खजिन्यात भरून मोकळे होतात. वाईस येते ती केवळ त्याची पावती. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तर त्या पावतीची नक्कलही धडपणे पोचत नाही.

पावसाळ्यात महाबळेश्वर हे गाव नसते, ते एक बांधून ठेवलेले गाठोडे असते. घरांच्या भिंती गवताच्या ताट्यांनी झाकलेल्या, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, घोडेवाले घोड्यांसह अंतर्धान पावलेले, आणि रस्त्याने जाणारा एखादा इसम डोक्यावर इरले घेतलेला, त्यामुळे मोठे कासव उभे राहून चालत असल्यासारखा. माझ्या खोलीत मिठाचे पाणी झाले होते, पाण्याला धुराचा वास होता, आणि काडेपेटी मी रात्री उराशी घेऊन झोपत असे. कपडे शेगडीवर धरून वाळवावे लागत. ते वाळत नसत, गरम ओले होत. सकाळी खिडकी उघडली की एक ढग आत येई, खोलीची पाहणी करी आणि दाराने निघून जाई. मी पाहणीस आलो होतो, पण पाहणी माझीच चालली होती.

एका दुपारी पाऊस ‘कमी’ झाला असे सांगून माझ्याबरोबर दिलेला गडी मला पॉइंट दाखवायला घेऊन गेला. “साहेब, हा आर्थर सीट. खाली सावित्रीचं खोरं.” मी पाहिले. पांढरे. “हा बॉम्बे पॉइंट. हितनं सूर्य बुडताना दिसतो. समोर परतापगड.” पांढरे. “हा लॉडविक. हत्तीचं माथं म्हनत्यात.” तेही पांढरे. तिन्ही वेळा आपण एकाच ठिकाणी उभे होतो की काय, अशी मला नंतर शंका आली. परंतु गडी इमानी होता आणि प्रत्येक ठिकाणी न दिसणाऱ्या वस्तूचे वर्णन त्याने इतक्या तपशिलाने केले, की पुढे कितीतरी वर्षे मी प्रतापगड तेथून कसा दिसतो हे लोकांना सांगत असे. बाजारात एकच दुकान उघडे होते. दुकानदाराने बिस्किटाचा पुडा देता देता माझ्याकडे निरखून पाहिले आणि हळुवारपणे विचारले, “सीझनला नाही जमलं का?”

अहवालात मी लिहिले की, सदरहू इमारतीत सर्वत्र पाणी आढळले. तथापि ते छपरातून येते, भिंतींतून येते की खुद्द हवेतून येते, याचा निर्णय प्रस्तुत ऋतूत करता येणे अशक्य आहे. यावर वरिष्ठांचा शेरा पडला: “कोरड्या हवेत पुनश्च पाहणी व्हावी.” त्याप्रमाणे पुढच्या एप्रिलमध्ये माझ्या एका सहकाऱ्यास, सहकुटुंब, पाठविण्यात आले. त्यांनी स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या, मधाची बाटली आणि “गळती आढळून आली नाही” असा एका ओळीचा अहवाल आणला. मिसल दप्तरदाखल झाली.

मुंबईविषयी अधिक काय लिहावे? मुंबईकर हवेविषयी बोलतो ते लोकल गाड्यांच्या संदर्भात. शिवाय त्या शहराची हवा अमुक आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्यास जेमतेम त्र्याहत्तर. कुलाब्याचा मनुष्य छत्री मिटून घरी गेला असेल आणि कुर्ल्याचा छातीइतक्या पाण्यातून. प्रवाशाने मुंबईस जाताना हवा कशी आहे हे विचारू नये. कोणत्या स्टेशनाची, ते विचारावे.

आणि पुणे. मी निवृत्तीनंतर येथे स्थायिक झालो त्यामागे पुण्याच्या हवेची कीर्ती हे एक कारण होते. भारताच्या हवामान खात्याने १९२८ साली आपले मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आणले, आणि ते पुढे दिल्लीस गेले तरी त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. ज्या खात्याला देशभरची हवा ठाऊक, त्याने शिमला सोडून पुणे पत्करले, हा दाखला पुणेकर पाहुण्यास चहाच्या आधी देतो. शिमल्यात काय अडचण होती, हे मात्र कोणी पुणेकराला विचारीत नाही आणि विचारले तर तो ऐकत नाही.

गेल्या जुलैत अकोल्याचे व्याही सहकुटुंब आमच्याकडे आठ दिवस राहायला आले. पंचेचाळीस अंशांत मांडव घालणारा हा मनुष्य पुण्याच्या चोवीस अंशांत पहिल्याच संध्याकाळी शिंकू लागला, आणि रात्री त्याने, संकोचत, घोंगडी असल्यास पाहावी अशी विनंती केली. तीन दिवस ते गॅलरीत आरामखुर्चीवर बसून समोर पाहत होते. तिसऱ्या दिवशी न राहवून त्यांनी विचारले,

“व्याहीबुवा, हा पाऊस सुरू केव्हा होते?”

“सुरू आहे की!”

त्यांनी हात बाहेर काढला, तळव्यावर जमलेले बारीक तुषार सराफाने कस पाहावा तसे निरखले आणि हात शांतपणे आत घेतला. त्यांच्याकडचा पाऊस म्हणजे आधी काळे आभाळ, मग वावटळ, मग कडकडाट, आणि तासाभरात काळ्या जमिनीचा असा चिखल की माणूस पाय काढून घेतो तेव्हा वहाण तेथेच राहते. त्यांनी पिशवीतून पंचांग काढले. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. पुढे मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. शिवाय प्रत्येक नक्षत्राचे वाहन कोणते, बेडूक की म्हैस की गाढव, त्यावरून पावसाचे मान ठरलेले. हे सारे त्यांनी मला समजावून दिले आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “मंग हा तुमचा पाऊस कोनाचा म्हणाचा?”

मी म्हटले, “हा पेन्शनरांचा. दिवसभर चालतो, कोणाचे काही अडत नाही, आणि थांबत मात्र नाही.”

ते इतके हसले की त्यांना पुन्हा शिंका आल्या. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरून बजावले की आता उन्हाळ्यात बिलकूल यायचे नाही. यायचे ते डिसेंबरात, हुरड्याला, चार दिवस अकोल्यास आणि दोन दिवस नागपुरास. “तुमचं सरकारही तवा तिकडेच असते,” ते म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर सरकारच्या हंगामात प्रवास करण्याचा योग येत आहे, या विचाराने मी भारावून गेलो. रेल्वेचे आरक्षण किती दिवस आधी करता येते याची चौकशी केली. एक लोकरी जाकीटही घेतले.

नोव्हेंबरात त्यांच्याकडे सुतक आले आणि डिसेंबर हुकला. नंतर मार्चमध्ये टपालाने हळदीकुंकवाची बोटे लावलेले एक जाड पाकीट आले. व्याह्यांच्या धाकट्या कन्येचे लग्न: सत्तावीस मे, दुपारी बारा वाजून तेवीस मिनिटे, स्थळ अकोला. पत्रिकेच्या तळाशी त्यांनी शाईने एक ओळ स्वतंत्र लिहिली होती: “आईचा खास निरोप. औंदा नवतपा सापडला तुम्हाले.”